भीतीनं धरलेलं पथ्य

पाळी चुकली ही गोष्ट आपल्या घरांतून फार हळू आवाजात सांगितली जाते. मगदुमांच्या घरात तर ती सांगितलीही जात नव्हती. कळंब्याजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आदितीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, हे फक्त तिला आणि तिच्या आईला, त्रिशलाबाईंना, ठाऊक होतं. दहावीपासून हे असंच चाललं होतं. आधी "होईल हळूहळू नियमित" म्हणून सोडून दिलं. मग वजन वाढू लागलं, तेव्हा "आमच्या माहेरची सगळी अशीच अंगानं थोराड" म्हणून सोडून दिलं. हनुवटीवर राठ केस दिसू लागले, तेव्हा पार्लर गाठलं. दवाखाना काही कुणाला आठवला नाही.

आदिती आता चोवीस वर्षांची होती. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये ती आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. माघात तिचं लग्न ठरलं. मुलगा वृषभ, शिरोलीच्या एमआयडीसीत इंजिनिअर. घर आपल्यातलंच, जैन, शेतीवाडी असलेलं, बोलायला चालायला चांगलं. मार्गशीर्षात लग्न धरलं होतं. लग्न ठरल्यावर मात्र लागोपाठ चार महिने पाळी आली नाही, तेव्हा त्रिशलाबाई घाबरल्या. लेकीला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, तेही ओळखीचा डॉक्टर सोडून, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. बाहेर पंधरा-वीस बायका ताटकळत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत सांगायचं ते सांगितलं. ह्याला पीसीओएस म्हणतात, बीजकोशांचा त्रास आहे. अंगात इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. साखर अजून हद्दीत आहे, पण काठावर आहे. आहार बदला, रोज चाला, आहारतज्ज्ञांना भेटा, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. घाबरू नका, असंही त्या म्हणाल्या. मग आहारतज्ज्ञ पूर्णिमा घाटगे यांच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली.

एवढ्या सगळ्यातून आदितीनं दोनच गोष्टी ऐकल्या. एक म्हणजे शुगर. आणि दुसरी, मूल राहायला वेळ लागू शकतो.

शुगर म्हणजे काय हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिचे वडील धनपाल, ज्यांना ती अण्णा म्हणायची, पंधरा वर्षांपासून शुगरचे पेशंट. त्यांचं धान्याचं दुकान होतं. दोन वर्षांमागं चप्पल चावल्याचं निमित्त झालं आणि उजव्या पायाचं बोट काळं पडत गेलं. शेवटी ते कापावं लागलं. दीड महिना रोज पट्टी बदलायचं काम आदितीनं केलं होतं. त्या जखमेचा वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता. दवाखान्यातून परत येताना ती रिक्षात आपल्याच पायांकडे बघत बसली होती.

आईची भीती निराळी होती. घरात पाऊल टाकायच्या आत, जिन्यातच थांबून तिनं आदितीला बजावलं, "हे अण्णांनासुद्धा सांगायचं नाही. लग्न होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला नाही. मूल होणार नाही असं एकदा लोकांच्या तोंडी बसलं, की तुझं आयुष्य संपलं."

मूल होणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्याच नव्हत्या. पण आईच्या तोंडून ते वाक्य निघालं आणि आदितीच्या मनात जाऊन बसलं. आहारतज्ज्ञांची चिठ्ठी पर्समध्येच राहिली. त्यांच्या दवाखान्यासमोरच वृषभच्या चुलत्यांचं दुकान होतं. तिथं जाताना कुणी पाहिलं तर?

मग राहिला मोबाईल. शिकवून झालं की दोन तासांच्या मधल्या वेळात ती कोपऱ्यात बसून शोधायची. कुणी म्हणे दूध सोडा, दुधानंच हा रोग होतो. कुणी म्हणे गहू सोडा. भात तर सगळ्यांनीच सोडायला सांगितला होता. एकीनं फळं बंद करायला सांगितलं होतं, दुसरीनं फक्त फळांवर राहायला. जितकं वाचावं तितकी भीती वाढायची, आणि भीती वाढली की आणखी वाचावंसं वाटायचं. शेवटी तिला एक बाई सापडली. स्वतःला कोच म्हणवणारी, एकवीस दिवसांत पाळी नियमित करून दाखवते म्हणणारी. तिचा तक्ता सकाळच्या अंड्यांनी सुरू व्हायचा आणि संध्याकाळच्या चिकननं संपायचा. आदितीनं तिला लिहिलं, की आम्ही जैन आहोत, आमच्या घरात हे चालत नाही, दुसरं काही सांगा. बाईंचं उत्तर दोन मिनिटांत आलं. धर्म सांभाळायचा की आई व्हायचंय, ते तूच ठरव.

ते उत्तर तिनं किती वेळा वाचलं असेल! ज्या घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही, ज्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात, त्या घरातली ही मुलगी. पण भीती माणसाला कुठं नेईल सांगता येत नाही. तिच्याच क्लासमध्ये इंग्रजी शिकवणारी स्वप्नाली जवळच खोली घेऊन राहायची. एका दुपारी आदितीनं लांबच्या दुकानातून सहा अंडी आणली आणि स्वप्नालीच्या खोलीवर उकडली. एक सोलून हातात धरलं. पहिला घास तोंडात जाताच तिला ओकारी आली. ती मोरीपाशी बसून रडत राहिली. स्वप्नालीनं पाठीवरून हात फिरवला, काय झालंय ते विचारलं. आदितीनं काही सांगितलं नाही.

अंडी जमली नाहीत. मग बाकीचं सोडणं तरी आपल्या हातात आहे, असं तिनं ठरवलं. भात सोडला, पोळी सोडली, दूध सोडलं, डाळीत पिष्ट असतं म्हणून डाळही सोडली. उरल्या काकड्या, लिंबूपाणी आणि बिनदुधाची कॉफी. डबा आईनं भरलेला असायचा, तो स्वप्नाली खायची. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. आणि लोक काय म्हणाले? किती छान दिसायला लागलीस! शेजारणींनी विचारलं, काय करतेस, आम्हालाही सांग. लग्नाचा ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं माप घेताना कौतुक केलं. त्रिशलाबाई समाधानानं हसल्या. डोकं विंचरताना हातात येणारे केसांचे पुंजके मात्र आदिती मुठीत लपवून कचऱ्यात टाकायची. चार जिने चढले की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. पाळी तर आलीच नव्हती.

भाद्रपद लागला. दशलक्षण पर्व सुरू झालं. पर्वाचे दहा दिवस घरातली मोठी माणसं एक वेळच जेवायची. आदितीनंही तसंच करायचं ठरवलं, आणि खरं तर तीही एक वेळ ती जेवत नव्हती. आता न जेवल्याबद्दल कुणी विचारणारच नव्हतं, उलट मंदिरात तिचं कौतुक होत होतं. धर्माचं व्रत मनाच्या शांतीसाठी असतं, तिचं मात्र भीतीपोटी चाललं होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत होती.

त्याच दिवसांत तिनं आणखी एक गोष्ट केली. अण्णांच्या शुगरच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर असायच्या. ह्या गोळ्यांनी साखर उतरते, मग आपली काठावरची साखरही उतरेल, असा हिशोब त्या गणिताच्या बाईंनी केला. पर्वाच्या पाचव्या दिवसापासून तीन दिवस एकेक गोळी घेतली. पर्वाच्या आठव्या दिवशी हात थरथरायला लागले. हे साखर वाढल्यामुळंच होतंय, असं समजून तिनं दोन गोळ्या घेतल्या. पोटात अन्नाचा कण नव्हता.

दुपारी चारच्या तासाला ती फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होती. खडू हातातून निसटला. तो उचलायला वाकली आणि मुलांना वाटलं, बाई खडू शोधतायत. ती उठलीच नाही. घामानं ड्रेस भिजला होता, डोळे अर्धवट उघडे होते, पण नजर कुणाला ओळखत नव्हती. स्वप्नालीनं आणि क्लासच्या सरांनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. बोट टोचून साखर बघितली. अडतीस. सत्तरच्या खाली जाऊ नये ती.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत तिला शुद्ध आली. तोवर त्रिशलाबाई धावत पोचल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, हिला काही आजार आहे का? शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? दारात क्लासचे सर उभे होते, स्वप्नाली होती, आणि एका विद्यार्थिनीची आईही होती. ती आई मंदिरात रोज भेटणारी, वृषभच्या घरच्यांना ओळखणारी.

त्रिशलाबाई म्हणाल्या, "तिला काहीही नाही. पर्वाचे उपवास आहेत, म्हणून चक्कर आली."

आदितीनं ते ऐकलं. गोळ्यांचं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण आईचा चेहरा बघून तीही गप्प राहिली. डॉक्टर म्हणत होते, आजचा दिवस ठेवून घेऊ, साखर एवढी का उतरली ते कळलेलं नाही. त्रिशलाबाईंनी मात्र आमच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली. लोकांच्या नजरेसमोरून लेकीला हलवायची त्यांना घाई झाली होती.

रिक्षा वाटेवरच्या एसटी स्टँडपर्यंत गेली असेल. आदिती काहीतरी बोलायला लागली, पण शब्द जड, एकमेकांत अडकलेले. आईला ती "बाई, बाई" म्हणून हाक मारू लागली. मग मान कलली. अंगाला झटके बसायला लागले, दातखीळ बसली. त्रिशलाबाईंनी तिला छातीशी धरलं आणि त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना. चौगुल्यांच्या आळीतला गुंडू रिक्षा चालवत होता. त्यानं आरशात बघितलं.

"मावशी, पोरीचं काय खरं न्हाय. फिरवू का रिक्षा माघारी?"

उत्तराची वाट न बघता त्यानं रिक्षा वळवली.

दुसऱ्यांदा तिला धावतच आत नेलं. पडदा ओढला गेला. पडद्याखालून नर्सची पावलं पळताना दिसत होती. साखर पुन्हा उतरली होती, आधीपेक्षाही खाली. धनपाल दुकान तसंच टाकून लंगडत आले. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. काय लपवताय ते आता सांगा, नाहीतर मी अंधारात उपचार करतोय, एवढंच ते म्हणाले.

दारात मघाचीच माणसं उभी होती. त्रिशलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. आजाराचं नाव त्यांना नीट उच्चारता येईना, तरी सांगितलं. चार महिने पाळी नव्हती ते, काठावरची साखर, आहारतज्ज्ञांची चिठ्ठी, लग्न, सगळं. गोळ्यांचं मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते धनपालांच्या लक्षात आलं. चार दिवसांपासून गोळ्यांचं पाकीट लवकर संपतंय असं त्यांना वाटत होतं, आणि आपणच विसरून दोनदा घेतो की काय म्हणून तेही मनातून घाबरले होते. त्यांनी खिशातून रिकामं पाकीट काढून डॉक्टरांच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, ह्या गोळीचा परिणाम दिवसभर राहतो. मघाशी हे कळलं असतं तर मी हिला हलूच दिलं नसतं.

एका वाक्यापायी, तिला काहीही नाही ह्या एका वाक्यापायी, मुलगी हातची जाता जाता राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सलाईन चालू होतं. तासातासाला बोट टोचून साखर बघत होते. आदिती जागी होती, पण डोळे मिटून पडली होती. आई काय बोलेल ह्याची तिला भीती वाटत होती, आणि आईला लेक काय बोलेल ह्याची. तेवढ्यात पूर्णिमा घाटगे आल्या. ह्याच त्या आहारतज्ज्ञ, ज्यांच्या नावाची चिठ्ठी तीन महिने पर्समध्ये पडून होती. डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पन्नाशीच्या, राधानगरीकडच्या, शहरात शिकून तीस वर्षं झाली तरी बोलणं गावाकडचंच ठेवलेल्या. त्या खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसल्या आणि आदितीनं दोन महिन्यांत काय काय सोडलं ते सगळं विचारून घेतलं. अंड्याचं सांगताना ती रडली. बाईंनी तिला रडू दिलं.

मग त्या म्हणाल्या, "हे बघ, घाबरण्यासारखं हाय. न्हाय कसं? पण लपवण्यासारखं ह्यात काय बी न्हाय. अंडं चांगलं असतं, खाणाऱ्याला. तुमच्यात चालत न्हाय, तर त्याच्यावाचून तुझं काय अडत न्हाय. मूल आणि धर्म ह्यातलं एक निवड, असं सांगणारीनं तुला आहार न्हाय सांगितला, भीती विकली."

तिचा आजार त्यांनी तिला साध्या शब्दांत समजावला. जेवलं की रक्तात साखर चढते, ती पेशींत पोचवायचं काम इन्सुलिनचं. तुझं शरीर त्याचं ऐकत नाही, म्हणून जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिननं बीजकोशांचं काम बिघडतं. तेव्हा आपलं काम एवढंच, की साखर एकदम चढू द्यायची नाही. त्यासाठी उपाशी राहायचं नाही, उलट वेळेवर आणि नीट जेवायचं.

"आणि मूल?" आदितीनं डोळे न उघडता विचारलं.

"खात्री कुणीच देऊ शकत न्हाय, मी बी देणार न्हाय," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "पण हा त्रास असणाऱ्या कितीतरी बायका आया झाल्यात. काही आपोआप, काही औषधं घेऊन. तुझं दार बंद झालंय असं तुला कुणी डॉक्टरनं सांगितलं का?"

तसं कुणीच सांगितलं नव्हतं. ते वाक्य जिन्यात बोललं गेलं होतं, आणि ते बोलणारी आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

त्रिशलाबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, ताई, तुम्हाला सांगायला सोपं आहे, ठरलेलं लग्न मोडलं तर मुलीच्या नावावर कायमचा डाग बसतो, आईनं काय करायचं मग? बाईंनी त्यांच्याकडं शांतपणे पाहिलं.

"काल ती रिक्षात गेली असती, तर कुणाचं लगीन लावणार हुतासा?"

त्रिशलाबाई खाली बसल्या, तशाच, फरशीवर. आणि लेकीच्या पायावर डोकं ठेवून त्या रडल्या. काल रिक्षात न फुटलेला आवाज आज फुटला. माझी भीती मी तुझ्या अंगावर टाकली, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

आहाराचं बोलणं नंतर दोन-तीन बैठकांत झालं, सगळ्या घरासमोर. आश्चर्य म्हणजे पूर्णिमाबाईंनी बाहेरून काही विकत आणायला सांगितलंच नाही. जे पाहिजे ते अण्णांच्या दुकानातच होतं. ज्वारीची आणि नाचणीची भाकरी, मूग, मटकी, हुलगे, हरभरे, शेंगदाणे, जवस. जेवताना आधी कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ किंवा उसळ, मग भाकरी. भात बंद नाही, पण ताटभर नाही, वाटीभर. दूधही बंद करायचं कारण नव्हतं, दही-ताक चालणार होतं. बंद झालं ते साखरेचा चहा, बिस्किटं आणि क्लासला जाताना प्यायला जाणारा उसाचा रस. सूर्यास्ताआधी जेवायची घरची सवय तर चांगलीच होती. अडचण एवढीच होती, की आदिती साडेसातला क्लासमधून सुटायची, तेव्हा जेवायची वेळ टळलेली असायची. त्यावर उपाय निघाला, की साडेपाचच्या मधल्या सुट्टीत तिथंच बसून डबा खायचा. चालायचं रोज, आणि डॉक्टर देतील ती औषधं डॉक्टर सांगतील तशीच घ्यायची. दुसऱ्याच्या गोळीला हात लावायचा नाही. आणि हे पथ्य आदितीचं आहे, तिच्या रिपोर्टवरून काढलेलं, हे बघून शेजारणीनं चालू करू नये, असंही बाईंनी ठासून सांगितलं. धनपाल सगळं निमूट ऐकत होते. पंधरा वर्षं शुगर असून आपण असं ताट कधी बघितलं नाही, असं ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून लेकीच्याच पंगतीला बसले.

राहिलं वृषभला सांगणं. हे त्याला बाहेरून कळायच्या आत, आणि आईनं किंवा अण्णांनी नाही, आपणच सांगायचं, असं आदितीनं ठरवलं. एका रविवारी सकाळी तिनं त्याला कळंब्याच्या तलावाच्या बांधावर बोलावलं. काय बोलायचं ते तिनं मनात दहादा घोकलं होतं. आजाराचं नाव तिनं सांगितलं. हा ताब्यात राहतो, पण जात नाही, हे सांगितलं. मूल व्हायला वेळ लागेल, कदाचित त्रास होईल, हेही सांगितलं. गोळ्यांचं आणि दवाखान्याचंही लपवलं नाही. वृषभनं आजाराचं नाव तिच्याकडून पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, घरी सांगावं लागेल. एवढं बोलून तो गेला.

पाच दिवस फोन आला नाही. त्रिशलाबाईंच्या हातून रोज काहीतरी सांडत होतं. आदिती डबा घेऊन क्लासला जात होती, शिकवत होती, साडेपाचला भाकरी खात होती, पण घास चावताना तिचे कान मोबाईलकडं असायचे. सहाव्या दिवशी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात वृषभची आई, राजमती, एकट्याच उभ्या होत्या.

त्रिशलाबाईंनी त्यांना आत घेतलं, पाणी आणलं. मोडायचं असेल तर माणसं फोनवर मोडत नाहीत, घरी येऊन सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं. राजमती सोफ्याच्या कडेवर बसल्या. पाणी घेतलं नाही.

"अक्का, मी नाहीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "असली मुलगी आपल्याला नको, असं मी जेवताना स्पष्ट सांगितलं. तेव्हा आमची तेजस्वी ताटावरून उठली. म्हणाली, मग माझंही असंच होणार का?"

तेजस्वी म्हणजे वृषभची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. तिलाही हेच होतं. दोन वर्षांपूर्वी निदान झालं होतं आणि दोन वर्षं तिची फाईल कपाटात कुलूप लावून ठेवली होती. वृषभलासुद्धा माहीत नव्हतं. औषध अर्धवट सोडलेलं. मुलगी खोलीबाहेर यायची नाही, ओढणीनं हनुवटी झाकून बसायची. आपण दुसऱ्याच्या मुलीला जे म्हणालो ते आपल्याच मुलीनं समोर बसून ऐकलं, हे राजमतींना झोपू देत नव्हतं. लग्नाचं मुलं ठरवतील, मी आता मध्ये पडणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, त्या आहाराच्या बाई कुठं बसतात?

आतल्या खोलीच्या दारात आदिती उभी होती. ती पुढं आली. "मी घेऊन जाते तिला," ती म्हणाली. "पहिल्यांदा जायला फार भीती वाटते. मी सोबत येईन."

मार्गशीर्षातलं लग्न आदितीनंच पुढं ढकललं. आधी मला बरं वाटू दे, असं तिनं वृषभला सांगितलं, आणि त्यानं ते मानलं. पौषात तिची पाळी आली, जवळजवळ अकरा महिन्यांनी. त्यानंतर कधी वेळेवर आली, कधी पंधरा दिवस पुढं गेली. हनुवटीवरचे केस गेले नाहीत. काठावरची साखर मात्र मागं सरकली, आणि जिने चढताना अंधारी येणं थांबलं. पुढच्या वैशाखात लग्न झालं. पूर्णिमाबाई लग्नाला आल्या होत्या आणि जिलेबीच्या ताटाकडं बघून आदितीला म्हणाल्या, एक खा, मनापासून खा, आणि मग संध्याकाळी चालायला जा.

लग्नाआधी एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. मंदिरातल्या महिला मंडळात एकीनं सगळ्यांसमोर त्रिशलाबाईंना विचारलं, की आदितीला नक्की काय झालं होतं हो? उत्तर टाळायच्या दहा वाटा त्यांना पाठ होत्या. पण त्यांनी नाव सांगितलं. अडखळत सांगितलं, पण पूर्ण सांगितलं, आणि आपण दवाखान्यात काय खोटं बोललो होतो तेही सांगितलं. सभा संपल्यावर चपला घालताना एक बाई त्यांच्याजवळ येऊन थांबली. मग दुसरी. तिसरीनं नुसता हात धरला. प्रत्येकीच्या घरात एक मुलगी होती.

वाचकहो, आदितीच्या आजारानं तिला मरणाच्या दारात नेलं नव्हतं. तो आजार आज कितीतरी मुलींना आहे, आणि वेळेवर औषध, समजून केलेला आहार, रोजचं चालणं यांनी तो ताब्यात राहतो. तिला तिथवर नेलं ते आपल्या कुजबुजीनं, लोक काय म्हणतील ह्या धाकानं, आणि त्या धाकापोटी मोबाईलवरच्या कुणा अनोळखी माणसावर ठेवलेल्या विश्वासानं. आहार निवडायचा तो जाणकारांना विचारून, आपल्या चुलीवर शिजेल असा आणि आपल्या मनाला पटेल असा. भीतीनं निवडलेलं पथ्य पथ्य नसतं, ती उपासमार असते. आणि लग्न जमावं म्हणून लपवलेला आजार लग्नानंतर बरा होत नाही, तो फक्त दुसऱ्या घरात जाऊन लपतो.

तुमच्या घरातली एखादी मुलगी अचानक कमी जेवत असेल, एकटी बसत असेल, आरशासमोर उभी राहायला घाबरत असेल, तर तिला आजच विचारा. रागावून नाही, शेजारी बसून विचारा. आणि ती सांगायला लागेल, तेव्हा उठून दार लावून घेऊ नका.